सहा नंबरची राहून गेलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे, दवाखान्याच्या वॉर्डातली. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगते. दोन वर्षं लोकांचे ताप आणि उलट्या अंगावर लिहून घेतल्या की कुणीही बधिर होतं.

पाळी बदलताना जाणारी सिस्टर माझ्यात इंग्रजीत नोंद करायची, येणारी ती वाचायची. माझं कौतुक फार! जे माझ्यात नाही, ते कुणाच्या खिजगणतीत नसे.

वॉर्डात फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "सिस्टर, सहा नंबरचे आजोबा सकाळपासून पाण्याला शिवले नाहीत हो." सिस्टर घाईत होती. "बरं बरं," म्हणाली आणि निघून गेली. ओळ लिहायची राहिली. दुसऱ्या दिवशी आजोबा गेले. मावशींनी चादर बदलली. मला काहीच वाटलं नाही.

आठवड्याने मावशी थोरल्या सिस्टरना म्हणाल्या, "मला इंग्रजी वाक्य लिहायला शिकवा. साधंच."

"या वयात डोकं चालेल का, मावशी?"

"हात चालतोय ना? मग डोकं कुठे जातंय!"

माझ्या मागच्या पानांवर शिकवणी सुरू झाली. इंग्रजीत आधी कोण, मग काय करतो, मग कशाला किंवा कुणाला. मावशी घोकायच्या, "आजी पिते चहा. डॉक्टर बघतो पेशंट." सगळा वॉर्ड हसायचा. त्याही हसायच्या, पण पान भरल्याशिवाय उठायच्या नाहीत.

चार महिन्यांनी नऊ नंबरच्या मुलीने पाणी पिणं सोडलं. टेबलापाशी कुणी नव्हतं. मावशींनी मला उघडलं आणि वाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'नाईन नॉट ड्रिंक वॉटर.' नवे डॉक्टर ते वाचून खो खो हसले आणि पान उलटू लागले.

मावशी म्हणाल्या, "हसा खुशाल, साहेब. पण आधी तिला बघून या."

डॉक्टर गेले. लगेच सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी मुलगी बिस्किटासाठी भांडत होती. त्या ओळीतली चूक थोरल्या सिस्टरनी दुरुस्त केली नाही, खाली फक्त सही केली.

मी भरले. आता कपाटावर धूळ खात पडले आहे. मला जपा, असा माझा हट्ट नाही. कुणाचं वाक्य मोडकं असलं तरी ते शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागते.

मला कपाटावर टाकायच्या दिवशी मावशींनी एक जुनं पान शोधून काढलं. आजोबांच्या नावाखाली थोडी जागा कोरी होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं, 'सिक्स नॉट ड्रिंक वॉटर.' पेन इतकं दाबलं की ओळ मागच्या पानावर उमटली.

मित्रांनो, तेव्हा मात्र मला दुखलं.