बिनसाखरेची कॉफी

अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही, पण माझ्या लेकानं, वगदीनं, लिहिलेली कादंबरी मला तोंडपाठ आहे, हे आमच्या गल्लीतल्या मासळीवाल्यालाही ठाऊक आहे. दर शुक्रवारी नमाज आटोपून वगदी यायचा, बाल्कनीत बसायचा, समुद्राच्या वाऱ्यानं फडफडणारी पानं अंगठ्यानं दाबून धरायचा आणि मला वाचून दाखवायचा. संपली की मी म्हणायची, आता पुन्हा पहिल्यापासून. बायका मोलोखियाची पानं खुडायला माझ्याकडे जमतात त्या भाजीसाठी थोड्याच! लेकाच्या नावानंच मला हाक मारतात, "उम्म वगदी, पुढे?" की मी सुरू, वाक्य न् वाक्य, स्वल्पविरामासकट.

त्या गोष्टीतला खुनी सापडतो तो एका शब्दानं. कॉफी पिऊन झाली की आम्ही यजमानाला 'दायमन' म्हणतो, ही कॉफी तुझ्या घरी सदैव होवो. वगदीनं तर पोरवयापासून माझ्या घरी हा शब्द म्हटल्याशिवाय पेला खाली ठेवलेला नाही. पण मयताच्या घरी बिनसाखरेची कॉफी फिरते, आणि ती पिऊन ओठ मिटायचे असतात. ते दुःख सदैव होवो असं कोण म्हणेल? कादंबरीतला तो माणूस एका शिंपिणीला मारतो, तिच्याच मयताला ऐटीत येऊन बसतो, आणि सवयीनं जीभ घसरते. दायमन. सगळा मांडव त्याच्याकडे वळून बघतो. अशी युक्ती सुचायला डोकं लागतं, आणि ते डोकं मी जन्माला घातलंय.

म्हणून त्या कादंबरीवरचा सिनेमा बघताना माझा जीव खालीवर झाला. पडद्यावरचा खुनी पेला रिकामा करतो, बशीत ठेवतो आणि गप्प बसतो.

"अरे, बोल की मेल्या!" मी ओरडले. अख्खं थिएटर हसलं.

बाहेर पडल्यावर मी वगदीला फैलावर घेतलं. "तुझी सगळी गोष्ट नासवली त्यांनी. बोललाच नाही तर सापडणार कसा?"

"नाहीच सापडत, आई. आणि ते मीच बदललं," तो माझा हात धरून पायऱ्या उतरवत म्हणाला. "पुस्तकात माझं चुकलं होतं. इतका हुशार माणूस असं बोलेल होय?"

माझी नात नहला मागून येत होती. घरी आल्यावर मी तिच्याजवळ कुरकुरले, "आणि ते कॉफीच्या भांड्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला दाखवलाय, ते कुणाचं डोकं? पुस्तकात नाही ते."

"आहे की, आजी."

"मला शिकवतेस? तुझ्या बापाच्या तोंडून ऐकलंय मी."

तिनं पुस्तक काढलं आणि वाचलं. शिंपीण चटका बसू नये म्हणून दांड्याला लाल दोरा गुंडाळते. ती निपचित पडल्यावर तो माणूस तिच्याच ओट्याशी उभा राहून, तिच्याच भांड्यात स्वतःसाठी कॉफी करतो. चांगलं पानभर होतं. त्यातला एक शब्दही मी ऐकलेला नव्हता.

"बाबांनी गाळलं असेल," नहला हसली. "तुला कंटाळा येऊ नये म्हणून."

समोरच्या घरात इन्साफ राहायची, कपडे शिवायची. एका उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली. भावाकडे कुवेतला गेली म्हणे, मला न सांगता. तिच्या स्वयंपाकघरात मी कॉफी प्यायले आहे, तिच्या भांड्याच्या दांड्यावरचा तो लाल दोरा माझ्या बोटांना माहीत आहे. पोलीस विचारत आले तेव्हा वगदी म्हणाला होता, त्या बाईच्या उंबऱ्याला माझा पाय कधी लागला नाही. मी शेजारीच उभी होते आणि मान डोलावली होती.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला तेच प्रकरण वाचायला लावलं. काय सुरेख वाचतो! त्या पानाशी आला, अंगठ्यानं ते अलगद उलटलं आणि आवाज न अडखळता पुढच्या पानावर गेला. वाक्याला वाक्य असं जुळलं की सांधा कळू नये. ऐकता ऐकता, खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटला.

मग उठून मी कॉफी केली. त्याला गोडमिट्ट लागते. मी साखरेचा डबा उघडलाच नाही.

त्यानं पहिला घोट घेतला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. कोण गेलं, असं विचारलं नाही. सावकाश, गाळ दिसेपर्यंत ती कॉफी प्यायला, पेला आवाज न करता बशीत ठेवला, समोरच्या बंद खिडकीकडे एकदा पाहिलं, आणि ओठ मिटून बसून राहिला.