पुरोहिताची लेक

तिचं मनगट उघडं पडलं आणि बिबावीच्या हातातला कापसाचा बोळा गळून पडला.

संग्रहालयात या ममीला सगळे ‘पुरोहिताची लेक’ म्हणत. चोरट्या मालाच्या धाडीत पोलिसांनी नाईलकाठच्या याच गावातून तिला पेटीसकट उचलून आणलं होतं. संग्रहालयाच्या जुन्या कारागिरांनी तिच्यावर पातळ मेण ओतून ठेवलेलं. तेव्हा ती पद्धतच होती. नव्या दालनासाठी बिबावी आता ते मेण इंचाइंचाने उतरवत होता. क्ष-किरणांत तिच्या गळ्याचं हाड मोडलेलं दिसलं, तर विद्वानांनी ‘देवाला दिलेला बळी’ म्हणून लेखांवर लेख पाडले. तिच्यावरचं कापड तपासलं, ते अस्सल प्राचीन निघालं. अंग तपासावं असं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला निळा क्रूस गोंदलेला होता. इजिप्तमधले किब्ती ख्रिस्ती आपल्या पोरांना जत्रेत गोंदवतात तसाच. आणि त्याच्या एका टोकाला शेपूट फुटलं होतं.

या शेपटाची गोष्ट बिबावी लहानपणापासून ऐकत आला होता. मठाच्या जत्रेत त्याची आई तफीदा आणि तिची थोरली बहीण हिलाना गोंदवून घेत होत्या. हिलानाने हात हिसडला आणि सुई घसरली. पुढे ऐन पंधरा-सोळाची असताना हिलाना घरातून नाहीशी झाली. रेल्वेच्या गार्डाबरोबर पळाली, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. अब्रू जाईल म्हणून पोलिसांत गेले नाहीत, शोधलंही नाही. तिच्यासाठी प्रार्थना नाही, मेलेल्यांचा घालतात तो चाळिसावा दिवस नाही. तफीदा अजूनही तिचं नाव निघालं की थुंकायची.

संग्रहालयाच्या प्रमुख शाहिनाझबाईंनी भिंग लावून मनगट पाहिलं. बाई तशा सरळ. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“बिबावी, मला पटतंय रे. पण सरकारदरबारी ही पुराणवस्तू आहे. कैरोला कळवायचं, मग समिती येणार, परत तपासण्या. वर्षं जातील.”

“अम्मा तेवढी थांबायची नाही, डॉक्टर. तिच्या डोळ्यांदेखत हिला मातीत घालायचंय. पाद्रीबाबांच्या प्रार्थनेसकट.”

“मग अम्माला सांगूच नकोस. या वयात कशाला तिच्या जिवाला घोर?”

“नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत हिला शिव्या देईल. हिने काय केलंय हो?”

बाईंनी कागद पुढे ओढला. पत्र आजच जाईल, एवढंच म्हणाल्या.

घरी तफीदा दाराशी बसून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. बिबावी तिच्यापाशी जमिनीवर बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. हिलाना कुठेच गेली नव्हती. शेजारचा अतिया परदेशी पाहुण्यांना जुन्या वस्तू विकायचा; धाडीत ही पेटी त्याच्याच घरातून निघाली होती. रिकाम्या पेटीला कोण विचारतो? आत प्रेत असलं की गिऱ्हाईक मागेल ती किंमत देतं.

“पळाली नव्हती?” म्हातारीने दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं. “माझी बहीण पळाली नव्हती रे! आणि मी जन्मभर तिच्या नावाने थुंकले!”

बिबावीने तिचे हात धरून ठेवले. ती रडली ती पोटातून रडली, आणि त्यालाही वाटलं, सांगितलं ते बरं झालं. मग ओढणीने नाक पुसत तिने विचारलं, “इतकी वर्षं कुजली कशी नाही रे ती?”

“मिठात पुरून ठेवतात, अम्मा. मीठ अंगातलं सगळं पाणी ओढून घेतं. पण लागतं खूप.”

म्हातारीचं रडणं थांबलं. तिने आपले हात हळूच सोडवून घेतले.

“आबांचा धंदा खारवलेल्या माशांचा,” ती म्हणाली. “घरात मिठाची पोती असायची. हिलाना गेली त्याच आठवड्यात अतियाची बायको मीठ मागायला आली. मासे खारवायचेत म्हणाली. आई म्हणाली, शेजारी आहेत, दे नेऊन.”

“कुणाला म्हणाली?”

“मला. मीच नेलं, डोक्यावरून. टोपली भरून भरून किती खेपा केल्या.”

बिबावीने पुन्हा तिचे हात धरू पाहिले.

“अतिया म्हणाला, गुणाची पोर आहे,” म्हातारी म्हणाली. “मला तिळाची वडी दिली. मी ती त्याच्याच दारात उभी राहून खाल्ली.”