मेंढीच्या पोटाखालची सावली

चौथ्या वर्षाला आल्यापासून माझी झोप कधी पुरी झाली असं मला आठवत नाही. आठवडाभर सांगलीत चित्रकलेचं कॉलेज, आणि सुट्टीच्या दिवशी झेडपीच्या शाळांच्या भिंती रंगवायच्या. बोलक्या भिंती म्हणतात त्यांना. त्यांच्यावर मी इतके बेडूक, इतकी फुलपाखरं आणि इतके पाढे काढले होते, की या भिंती घटकाभर गप्प बसल्या तर बरं असं वाटायचं. यातून वेळ उरला की मी माझं खरं काम करायचे. खरं काम म्हणजे मधु थत्त्यांसारखी चित्रं काढायची.

थत्ते म्हणजे वाईचे जलरंगातले मोठे चित्रकार. म्हसवडजवळच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत त्यांच्या चित्राचं जुनं कॅलेंडर लटकत होतं. कृष्णेचा घाट, ओल्या पायऱ्या, कडेला धुणं धुणारी एक बाई. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. नदीला पायऱ्या असतात हे मी त्या चित्रातच पहिल्यांदा पाहिलं. साल उलटलं तरी ते कॅलेंडर कुणी काढलं नाही आणि मी त्याच्याकडे बघायची थांबले नाही. चित्रकलेला आले ती त्या बाईच्या धुण्यामागून आले, असं म्हटलं तरी चालेल.

अलीकडच्या काही वर्षांत थत्त्यांची चित्रं निळी होत गेली होती. आधी पाणी निळं झालं, मग पायऱ्या, मग देवळाचे कळस, शेवटी माणसांच्या पाठीसुद्धा. कॉलेजात आम्हाला शिकवणारे सौमित्र सर या निळ्यावर तासभर बोलायचे. निळा म्हणजे विरक्ती, निळा म्हणजे उतारवयातली शांती. मला सगळं पटायचं. मी बारीकसारीक अभ्यास करून त्यांचा निळा पकडला. वर्षाच्या शेवटी परीक्षकांपुढे मांडायची माझी सगळी चित्रं घाटांची होती आणि सगळी निळी होती. सर खूश होते. मी नुसती दमलेली होते, पण दमणं म्हणजेच प्रगती असावी अशी माझी समजूत होती.

हे वर्ष गेलं तर पुढचं मिळणार नाही, हे घरी ठरलेलं होतं. माझा भाऊ रविराज तर माझ्या नापास होण्याची वाट बघत स्थळं गोळा करत होता. म्हणून सरांनी सुचवलं, की परीक्षेआधी एकदा थत्त्यांना चित्रं दाखवून ये. मी चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि साताऱ्यावरून वाईला गेले. एसटीत उभ्यानं गेले. बसायला मिळालं असतं तरी ती गुंडाळी मांडीवर घेऊन झोप लागली नसती.

थत्ते एका मेडिकल दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. त्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंनी दार उघडलं. घरात जिन्यापासून भिंतीकडे तोंड करून चित्रं उभी केलेली. मी नाव सांगितलं, अपेक्षा, आणि पाया पडले. थत्ते हसरे, बारके गृहस्थ, डोळे मात्र विलक्षण टवटवीत. त्यांनी माझी चित्रं खिडकीशी नेली आणि एकेक बघायला लागले. पहिल्या चित्राला हसले, दुसऱ्याला हसायचे थांबले. पुढे नुसती उलटत गेले.

"घाट तुला असा दिसला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला दिसला तसा. आणि सरांनी शिकवलेलं सगळं, विरक्तीपासून शांतीपर्यंत, एका दमात म्हणून टाकलं. विनोदिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या.

"मला दिसलाच नाही गं तो," थत्ते म्हणाले. "मोतीबिंदू पिकला होता दोन्ही डोळ्यांत. सगळं पिवळट, तपकिरी दिसायचं. निळा लावला तरी लागलाय असं वाटायचं नाही, म्हणून मी आणखी लावायचो. दिवाळीनंतर साताऱ्याला ऑपरेशन झालं. घरी येऊन चित्रं बघितली आणि मलाच कळेना, हे कुणी काढलं. म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलीत."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. सबंध वर्ष मी रात्रंदिवस एका म्हाताऱ्या माणसाच्या मोतीबिंदूची नक्कल करत बसले होते. तीही झक्क साधली होती. मी म्हटलं, तरी ती चित्रं सुंदर आहेत. ते म्हणाले, असतील. त्यांना ती फेकवतही नव्हती आणि बघवतही नव्हती.

चहा पिता पिता त्यांनी माझ्या घरच्यांचं विचारलं. मी सांगितलं, वडील मेंढरं राखतात. आम्ही धनगर, माणदेशातले. या दिवसांत मेंढरं रहिमतपूरच्या बाजूला असतात, लोक गव्हाची मोकळी रानं खतवायला मेंढरं बसवून घेतात. थत्ते कान देऊन ऐकत होते.

"उन्हाच्या वेळी मेंढीच्या पोटाखालची सावली कुठल्या रंगाची असते?"

"निळी," मी म्हटलं.

"हे बघून सांगतेस, की पाठ म्हणतेस?"

लहानपणी मी त्या सावलीत डोकं घालून झोपलेली मुलगी. पण ती कुठल्या रंगाची, ते मला माहीत नव्हतं. थत्ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. निघताना ते एवढंच म्हणाले, की माझं सोड, मला दिसत नव्हतं. तुला तर दिसतंय ना?

साताऱ्याला उतरले तेव्हा सांगलीची गाडी लागलेली होती. सांगलीला जाऊन काय सांगायचं हे कळेना, म्हणून मी रहिमतपूरची धरली. इतकी थकले होते, की आईला बघायचं होतं, दुसरं काही नाही.

आमची पालं एका गव्हाच्या रानात होती. आई, म्हणजे अंबूबाई, तीन दगडांच्या चुलीशी बसलेली. वडिलांनी, कोंडीबांनी, मला लांबूनच ओळखलं आणि घोंगडं झटकून अंथरलं. परीक्षा जवळ आली असताना पोरगी रानात का आली, हे आईनं तीन वेळा तीन तऱ्हांनी विचारलं. मी जेवले आणि झोपले. कित्येक महिन्यांनी इतकी झोपले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी मेंढरांसमोर बसले. सावली निळी नव्हती. खाली कापलेल्या गव्हाची धसकटं उन्हात तापलेली, त्यांचा पिवळा उजेड वर चढून मेंढीच्या पोटाला लागत होता. काळ्या मेंढीचं पोटसुद्धा खालून मधासारखं उजळत होतं. पायांपाशी सावली तांबूस, मध्येच जांभळट, आणि मेंढी हलली की सगळंच बदलायचं. हे जन्मभर माझ्यासमोर होतं आणि मी बघितलं नव्हतं. मला रडू आलं. मेंढ्यांनी काही लक्ष दिलं नाही.

रंग होते, कागद नव्हता. कागद एवढाच, निळ्या घाटांचा. मी एक घाट पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत एकही धड झालं नाही. नदी बापडी वाहत असली तरी जागेवर असते, मेंढी नसते. वडील काठी टेकून बराच वेळ मागे उभे होते.

"लंगडी काढलीस व्हय गं? आपल्यात लंगडं न्हाई कुठलं."

त्यांचं बरोबर होतं. मी दुसरा घाट उलटा केला, मग तिसरा. आई म्हणाली, "आगं, जरा पाठ टेक. तुझ्यापरीस मेंढरं बरी, ती बसत्यात तरी." कागद संपेपर्यंत मी तिथंच राहिले. शेवटच्या दोन-तीन चित्रांत पोटाखालचा तो उजेड थोडा थोडा आला. बाकीची लंगडीच राहिली.

सांगलीत सौमित्र सरांना मी मोतीबिंदूचं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, मग ठेवला, मग म्हणाले की त्यानं काय फरक पडतो. परीक्षेच्या सकाळी भिंतीवर मेंढ्या बघून ते घाबरलेच. बाजूला घेऊन म्हणाले, "अपेक्षा, चित्रं उलटी कर. निळी बाजू लाव. पहिला वर्ग नक्की आहे तुझा. उगाच वर्ष घालवू नकोस." ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मला रविराजची स्थळं दिसत होती. माझा हात एका चित्राकडे गेलासुद्धा, पण तेवढ्यात बाहेरून आलेल्या परीक्षक विजयमालाबाई दारात आल्या.

त्यांनी सगळी चित्रं पाहिली. एका चित्राच्या कडेला पलीकडचा निळा फुटलेला त्यांना दिसला. त्यांनी ते खाली काढलं आणि उलटं केलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग दुसरं उलटं केलं, तिसरं केलं.

"ही तर उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "हीच तपासू ना?"

सर माझ्याकडे बघत होते. नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नको बाई," मी म्हटलं. "ती मी बघून काढलेली नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातलं चित्र पुन्हा मेंढ्यांच्या बाजूला वळवलं. त्यातली मेंढी लंगडीच होती. बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. काय लिहितायत ते मी वाकून बघितलं नाही. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसले.