तुंबडीतला नाग

"आला, नाग आला!" देवळापुढं जमलेलं सगळं गाव ओरडलं.

अंबाजी देवऋषीनं पोटदुखीनं बेजार शालूच्या पोटावर चिकटवलेली, दुखणं ओढून काढायची शिंगाची तुंबडी उचलली आणि परातीत काहीतरी पांढरं, लांबट पडलं. पोरीची आजी बयाबाई हात जोडून रडू लागली.

तेवढ्यात शालूचा बाप गेणू लोणावळ्याच्या डॉक्टर दस्तगीरांना घेऊन कान्हे स्टेशनपासून चालत येऊन पोचला. पाहतो तर हे! गेल्या साली याच परातीपुढं त्याची बायको झुंबर बसली होती. "दवा पोटात गेली तर नाग परत यील," असं अंबाजीनं तिला बजावलं. झुंबरनं दवाखान्याची बाटली फळीवर ठेवली, ती तशीच राहिली. पुढं तिला फेफरं येऊ लागलं आणि भातलावणीच्या आत ती गेली.

"डाक्तर, तुमची सुई नागाला लागत न्हाई!" अंबाजी खिदळला. "पाताळातला हाय ह्यो!"

"लांबून आलाय. तहानला असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नागाचं एक टोक धरून आत तांब्यातलं पाणी ओतलं. नाग फुगला. दुसऱ्या टोकातून पाणी गळू लागलं.

"आरं, ह्ये तर बोकडाचं आतडं!" गर्दीतला महिपती ओरडला.

डॉक्टरांनी तुंबडी उपडी केली. आतल्या मेणाला आतड्याचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"पोटातला खरा किडा पोकळ नसतो. फितीसारखा चपटा असतो. शौचातून भोपळ्याच्या बियांसारखे तुकडे पडतात."

"झुंबरचेबी पडायचे," गेणू हळूच म्हणाला.

"रानडुकराचं मटण कच्चं राहिलं की तो पोटात वाढतो. त्याची अंडी हाताला लागून तोंडात गेली, तर त्यातल्या अळ्या पार मेंदूपर्यंत जातात. फेफरं त्यानंच येतं."

गावात शिकारीचा वाटा घरोघर जायचा आणि निखाऱ्यावर वरवर भाजूनच खाल्ला जायचा.

डॉक्टर मुक्कामाला राहिले. सकाळी अनशापोटी शालूला कडू औषध दिलं, मागून जुलाबाचं मीठ. दुपारी लांबच लांब फीत पडली. डॉक्टरांनी ती धुऊन टाचणीच्या डोक्याएवढं मुंडकं शोधलं. "हे निघालं. आता पुन्हा वाढायचा नाही."

"बा, आईनं दवा घेतली असती तर?" शालूनं विचारलं.

गेणूनं फळीवरची बाटली काढली, धूळ पुसली आणि परत ठेवली.

आता गावात कुणी चमत्कार घेऊन आला की गेणू पुढं होतो. म्हणतो, "बाबा, आदी तुंबडी उपडी कर."

आपलं माणूस परातीपुढं बसायच्या आत आपणही एवढं म्हणावं.