एक्केचाळीस नंबरची रायफल

उल्काने रायफल घ्यायची म्हटल्यावर प्रणवने पहिला प्रश्न विचारला, "गरज काय?" नवरे विचारतात तसाच. गंमत अशी की जर्मन सरकारही नेमकं हेच विचारतं. परवान्याच्या कागदपत्रांत ‘बेड्युर्फनिस’ नावाची एक भानगड असते, म्हणजे गरज, आणि ती सिद्ध करावी लागते. सरकारचं समाधान करणं सोपं गेलं. उल्काने क्लबात वर्षभर नेमबाजी केली, परीक्षा दिली, तळघरात तिजोरी बसवली, क्लबने शिक्का मारला आणि गरज सिद्ध झाली. प्रणवला सांगणं मात्र अवघड होतं, कारण खरी गरज तेव्हा शेजारच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती.

म्हणजे तिचे बाबा. आत्माराम, वय चौऱ्याहत्तर, जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले आर्मोरर हवालदार. तीस वर्षं त्यांनी पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्री रायफली उघडल्या, पुसल्या, दुरुस्त केल्या. फेब्रुवारीत उल्काची आई गेली. मे महिन्यात उल्काने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत गेर्लिंगेनला आणलं आणि त्या दिवसापासून हा माणूस खिडकीशी बसला तो बसलाच. जेवलात का? हो. झोप लागली का? हो. नात अन्वी त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायची, तिलाही ते हो म्हणायचे. समोरचा शेजारी कुंपणाची झुडपं कापायचा, ते मात्र मन लावून बघायचे. उल्काला वाटायचं, आपण आईला तर गमावलंच, आता बाबाही डोळ्यांदेखत हातचे चाललेत.

असं दीड महिना चालल्यावर एकदा क्लबचं मासिक टेबलावर उघडं पडलं होतं. चहा पिता पिता बाबांनी त्यातल्या फोटोकडे पाहिलं आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "थ्री-नॉट-थ्री. पण नेम धरायची पुढची माशी जरा डावीकडे बसवलीय." दीड महिन्यातलं त्यांचं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. उल्काने त्याच संध्याकाळी क्लबच्या हेबर्लेंना फोन केला.

हेबर्ले हे क्लबातलं सगळ्यात जुनं खोड. ऐंशीला टेकलेले, त्याच मुलखातले पक्के श्वाबियन, म्हणजे बोलायला दोन शब्द आणि काम दिवसभर. उल्का पहिल्यांदा क्लबात गेली तेव्हा चार जणांनी तिच्याकडे, वाट चुकून आली असावी, अशा नजरेने पाहिलं होतं. हेबर्लेंनी मात्र खुर्ची ओढून दिली आणि वर्षभर तिचे खांदे, श्वास आणि हट्ट सरळ केले. आता त्यांची नजर अधू झाली होती आणि ते आपल्या रायफली एकेक करून देऊन टाकत होते. सत्तरच्या दशकात लष्कराने मोडीत काढलेला इंग्रजी माल स्वस्तात मिळायचा, तेव्हा घेतलेली एक थ्री-नॉट-थ्री त्यांच्याकडे उरली होती. किंमत त्यांनी सांगितली ती चांगल्या बुटांच्या जोडाएवढी. "तुझ्या वडिलांना घेऊन ये," ते म्हणाले. "पहिली गोळी त्यांनीच मारायची. पाहुण्याला चालतं."

रविवारी सकाळी अकरा वाजता क्लबात हे तिघंच होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि न सांगता दाढी केली होती. उल्काला तेवढ्यानेच भरून आलं. टेबलावर हिरवं फडकं, फडक्यावर रायफल, शेजारी विक्रीचा कागद, पेन आणि पाच काडतुसं. हेबर्लेंनी हाताने ‘घ्या’ अशी खूण केली.

बाबांनी रायफल उचलली आणि उल्काला तिचे बाबा दिसले, ते लहानपणी मुख्यालयाच्या ओट्यावर दिसायचे ते. तिच्या घरी पाण्याचा पेला धरताना थरथरणारा हात इथे ठाम होता. त्यांनी काडतुसामागे नळी बंद करणारा बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, नळीतून उजेड पाहिला. "नळी छान ठेवलीय," म्हणाले. उल्काने ते जर्मनमध्ये सांगितलं. हेबर्ले खूश झाले. मग बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून बोल्टची दांडी डोळ्यांपाशी आणली, मग दस्त्याच्या मानेवरचं पोलादी कडं, मग पुन्हा दांडी. आणि रायफल अलगद खाली ठेवली.

"नंबर जुळत नाही," ते म्हणाले.

"कसला नंबर?"

"बॉडीवर शेवटी एक्केचाळीस आहे. बोल्टवर सत्तेचाळीस. हा बोल्ट हिचा नाही."

उल्काने पाहिलं. आकडे झिजलेले होते. तिला हसू आलं. "बाबा, तो सात नाही, एक आहे. इथे एक असाच काढतात, वरून लांब शेपूट देऊन. मी पण पहिल्या वर्षी घरभाड्याच्या कागदावर फसले होते."

"रायफल जर्मन आहे का?"

रायफल इंग्रजी होती. इंग्रजाने ठोकलेला सात हा सातच असणार. सोळा वर्षं या देशात राहून तिला जिकडेतिकडे जर्मन एक दिसायला लागला होता.

तिने हेबर्लेंना सांगितलं. त्यांनी भिंग आणून पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाले, "पास्ट शो."

त्या मुलखात हे दोन शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतात. दार थोडं घासतंय, पास्ट शो. केकला साखर कमी पडली, पास्ट शो. जर्मन म्हणजे काटेकोर असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा श्वाबियन माणसाच्या तळघरात जाऊन बघावं.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"म्हणतात, चालतंय." याहून नेमकं भाषांतर नव्हतंच. "चाळीस वर्षं याच रायफलने मारतायत, काही झालं नाही. नळीवर सरकारी तपासणीचा शिक्कासुद्धा आहे."

"शिक्का मारला तेव्हा आत कुठला बोल्ट होता, विचार."

ते हेबर्लेंना ठाऊक नव्हतं. ते हसले, एक काडतूस उचलून बाबांपुढे धरलं आणि मान तुकवून म्हणाले, "बिटे," म्हणजे घ्या ना. उल्काला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने वर्षभर आपल्याला हाताला धरून शिकवलं त्याच्या आवडत्या वस्तूत आपलाच बाप खोट काढतोय! आणि तीही बापासाठीच घ्यायला निघालेली वस्तू.

"बाबा, ते तुम्हाला मान देतायत हो. पाचच गोळ्या. दुधाने तोंड पोळल्यासारखं करू नका. चालतंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरलेला तिने आईच्या दहाव्यालाही पाहिला नव्हता. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी सांगतो ते यांना जर्मनमध्ये सांग. एकेक वाक्य सांग. मधे थांबू नकोस."

उल्का ऑफिसात कितीदा दुभाषी झाली होती. तिथला नियम तिला पाठ होता: समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं.

"वार्षिक फायरिंगचा दिवस होता," बाबा म्हणाले. उल्काने सांगितलं.

"आदल्या रात्री आम्ही तीस रायफली साफ केल्या. सगळे बोल्ट एकाच परातीत होते." परातीला शब्द सुचेना, तिने ‘भांडं’ म्हटलं.

"सकाळी गाडीत चढवताना मी दोन नंबर चुकलेले पाहिले. मी स्वतः पाहिले." इश हाबे एस गेझेएन, उल्का म्हणाली, मी पाहिलं.

"गाडी सुरू होती. साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणालो, चालतंय." तिने म्हटलं, इश हाबे गेझाक्ट, पास्ट शो. हेबर्लेंनी हातातलं काडतूस फडक्यावर ठेवलं.

"बोल्ट नीट बसला नव्हता, तिसऱ्या गोळीला काडतूस मागून फाटलं. शिपायाचा उजवा डोळा गेला."

उल्काने तेही सांगितलं. सरळ, शांत आवाजात, जसं सांगायचं तसं.

"चौकशीत काडतूस सदोष ठरलं. त्या अहवालावर मी सही केली." तिने सही केली म्हणून सांगितलं.

"त्याचं नाव शरदचंद्र."

जर्मनमध्ये ते नाव उच्चारलं आणि मग कुठे ते तिच्या कानात शिरलं. शरदकाका. दर दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन येणारे, आईला वहिनी म्हणणारे, काचेच्या डोळ्याचे शरदकाका. उल्का एनसीसीत गेली तेव्हा हसत म्हणाले होते, मला नेम धरायला डोळा मिटायचा त्रासच नाही बघ. पस्तिसाव्या वर्षी ते टपालाच्या टेबलावर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. खराब काडतूस निघालं, नशीब एकेकाचं, असं ते स्वतःच सांगायचे आणि बाबा शेजारी बसून चिवडा खायचे.

उल्काला राग आला. एवढ्या दिवाळ्या! आणि ज्या तोंडाने आत्ता ‘मी पाहिलं, मी सही केली’ म्हटलं ते तोंड तिचं होतं, त्यामुळे तो राग धड बाबांवरही जाईना. तिला म्हणायचं होतं, कसं जमलं तुम्हाला? पण परक्या माणसासमोर बापाला असं विचारायचं नसतं, आणि खुर्चीतल्या त्या म्हाताऱ्याकडे बघवतही नव्हतं.

मग बाबाच बोलले, अगदी कामाच्या आवाजात. "यांना विचार, दुसरी रायफल कुठे आहे."

"कुठली दुसरी?"

"हिच्यात सत्तेचाळीसचा बोल्ट आहे. म्हणजे सत्तेचाळीसमध्ये हिचा असणार. ती कुठे आहे?"

उल्काने विचारलं आणि हेबर्लेंचा रंग उडाला. दोन घेतल्या होत्या त्यांनी त्या काळी, एकाच पेटीतून. दोन्ही एकाच टेबलावर साफ करायचे. दुसरी त्यांनी मार्चमध्ये हायडेलबर्गच्या एका दंतवैद्याला दिली होती आणि तो मनुष्य दर रविवारी नेम मारायला जायचा. आज रविवारच होता.

हेबर्लेंनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दंतवैद्याने पाचव्या घंटीला उचलला. मागे गोळ्यांचे आवाज येत होते. "मारू नका," हेबर्ले आधी एवढंच म्हणाले. मग त्यांनी नंबर वाचायला सांगितले. जर्मन लोक एकक आधी म्हणतात, सात आणि चाळीस, अगदी आपल्या सत्तेचाळीससारखं. त्यामुळे आकड्यांनी उल्काला या देशात कधी त्रास दिला नव्हता.

"बॉडीवर सत्तेचाळीस," ती बाबांना सांगत गेली. "बोल्टवर... एक्केचाळीस."

बाबांनी डोळे मिटले.

हेबर्ले फोनवर आणखी तीन वाक्यं बोलले. आवाज जरासा चिरकला, पण थांबला नाही. त्यांनी फोन ठेवला, विक्रीचा कागद घडी करून खिशात घातला आणि रायफलीतला बोल्ट काढून वेगळा ठेवला.

"काय म्हणाले ते?" बाबांनी विचारलं.

"म्हणाले, चूक माझी आहे. मी तपासलं नव्हतं. उद्या येऊन रायफल घेऊन जातो, दोन्ही कारागिराकडे देतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"समोरचा काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला."

हेबर्ले उठले, कॉफी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. समजूतदार माणूस. उल्काला बाबांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटत होता आणि ठेवता येत नव्हता. दोन्ही तितकंच खरं होतं.

"तिकडे किती वाजले असतील?" बाबांनी विचारलं.

"तीन वाजून गेलेत."

"म्हणजे उठला असेल झोपून. लाव त्याला."

"बाबा, घरी जाऊन करू या का? तुम्ही जरा—"

"घरी गेलो तर मी परत म्हणेन, चालतंय. आत्ता लाव."

तिने नंबर शोधून लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. या वेळी तिला मधे उभं राहून काही सांगायचं नव्हतं. दोन घंट्या गेल्या. "हॅलो? उल्का? अगं, कशी आहेस? आत्माराम जेवतोबिवतो की नाही नीट?" काकांचा आवाज होता तसाच, मोठा आणि मोकळा.

"शरद, मीच आहे. आत्माराम," बाबा म्हणाले. "काडतूस चांगलं होतं. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा होता. मी सकाळीच पाहिला होता आणि रायफल तशीच तुझ्या हातात दिली."

पलीकडे खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"थांब जरा, आत्माराम," काका म्हणाले. "मला बसू दे. मग पहिल्यापासून सांग."