आमिनाच्या मोगऱ्याची खुरपी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. मूठ बाभळीची, पातं ट्रकच्या कमानपट्ट्याचं. तो ट्रक म्हणे नऊ वेळा कलकत्त्याला जाऊन आला होता, म्हणून मला अजून एका जागी पडून राहवत नाही. अकोल्याच्या अब्दुल रहीम लोहारांनी मला घडवलं. त्यांची बायको आमिना भाता ओढत होती. त्या दिवशी अशा ठिणग्या उडाल्या, की अकोल्याचं ऊन तेव्हापासून तापलं ते तापलंच. पटत नसेल तर वैशाखात जाऊन बघा.

हिवरखेडच्या दुर्गाबाईंनी मला घेतलं, तेव्हा आमिनाने अंगणातल्या मोगऱ्याची फांदी त्यांच्या पिशवीत घातली. "नुसती खुरपी नेऊन काय करशील, दुर्गा? तिले काही काम तं दे."

त्या फांदीचा वाफा झाला. वीस वर्षं मोगरा जागचा हलला नाही. असा वाफा नांगरता येत नाही, हे लव्हाळ्याच्या तणाला पक्कं ठाऊक. वरचं गवत उपटलं तरी त्याचा जीव खाली, काळ्या गाठीत. दुर्गाबाई मला तिरपी घालत, मोगऱ्याच्या मुळाला धक्का न लावता गाठ उचलत आणि पत्र्यावर वाळत टाकत. एकदा एका गाठीमागे आम्ही इतक्या खोल गेलो, की खालून, पाताळातून, कुणीतरी ओरडलं, "पुरे करा, आमच्या वरणात माती पडून राहिली!"

पुढे आमिना वारली. तिचं अंगण रस्त्यात गेलं. तिच्या मोगऱ्याचा वंश उरला तो या वाफ्यात.

यंदा दुर्गाबाईंचे गुडघे धरले. त्या महिनाभर धामणगावला बहिणीकडे गेल्या. मी कोपऱ्यात गंजत पडले. मुलगा गजेंद्र पाठीवर पंप घेऊन आला.

"माय येईपर्यंत वाफा साफ करून ठेवतो."

"मोगऱ्यावर उडन ना औषध," त्याची बायको आरती म्हणाली.

"पऱ्हाटीवर उडते का? कावून भेतं?"

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांत तणनाशक मारताना ते पिकावर उडू नये म्हणून तो नळीला टोपी लावतो. एवढ्याशा वाफ्याला टोपी कशाला, म्हणून लावली नाही. आठवड्यात लव्हाळा पिवळा पडला, मोगराही. मग गाठींतून लव्हाळा पुन्हा वर आला. मोगरा आला नाही.

दुर्गाबाई परतल्या. थेट वाफ्याशी गेल्या.

"खुरपी कुठी हाय?"

गजेंद्रने मला दगडावर घासून दिलं. त्यांनी माझ्या टोकाने एकेक खोड खरवडलं. सगळी तपकिरी, कोरडी. भिंतीकडच्या शेवटच्या खोडाशी त्यांचा हात थांबला. सालीखाली हिरवं होतं.

त्यांनी मला गजेंद्रच्या हातात दिलं. "बस खाली. तिरपी घाल. गाठ अख्खी काढ."

"मले जमन का, माय?"

"नाही जमलं तं आमिनाले काय सांगू मी?"

तो बसला. तेव्हापासून दर सोमवारी बसतो.

मित्रांनो, काम झालं की आम्हा अवजारांना धुऊन, पुसून, हाताशी ठेवा. जुन्या मुळांजवळ घाई करू नका. आतापर्यंत मी थापा पुष्कळ मारल्या. पण त्या खोडाला परवा दोन पानं फुटली, ही थाप नाही.