अण्णासाहेबांचं शास्त्रशुद्ध पाणी

मे महिन्यात राजूरला लेकीची सोयरीक जमवायला निघालेला बाप बरोबर काय नेतो? नारळ नेतो, पेढे नेतो. शहाण्णव साली अण्णासाहेबांनी नियम नेले.

हेडक्लार्कीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या जालन्यात एका वैद्यांचं तीन दिवसांचं शिबिर केलं. तेव्हापासून त्यांच्या घरात पाणी पिण्याचं राहिलं नव्हतं, आचरण्याचं झालं होतं. पहाटे तांब्याच्या भांड्यातलं. बसून. घोट घोट. उन्हातून आल्याबरोबर नाही, जेवणाआधी नाही, जेवणावर नाही. ‘तहान लागली की प्या’ असंही वैद्यबुवा म्हणाले होते. पण ते इतकं सोपं होतं की अण्णासाहेबांनी वहीत उतरवलं नाही. नळ आठ दिवसांनी यायचा. हंडे भरायचे बायकोनं, म्हणजे दुर्गाबाईंनी आणि पाण्याचं महत्त्व सांगायचं अण्णासाहेबांनी, अशी कामाची वाटणी होती.

म्हणूनच दुर्गाबाईंचा जीव राजूरच्या स्थळात अडकला होता. मुलगा मास्तर, निर्व्यसनी. लेकीला, शिवकन्येलाही मनातून पसंत. शिवाय अंगणात विहीर, भर उन्हाळ्यातही न आटणारी. आपला जन्म हंड्यांच्या रांगेत गेला, पोरीचा तरी जाऊ नये, एवढंच त्या बाईचं मागणं.

दुर्गाबाईंचा चुलतभाऊ रखमाजी मध्यस्थ होता. त्यानं बसमध्येच बजावलं, “दाजी, त्या घरची रीत ध्यानात ठेवा. गूळ-पाणी घेतलं की सोयरीक मंजूर. मंगच ताटं वाढतेत. न्हाई घेतलं, तं रामराम.”

“माहीत आहे मला,” अण्णासाहेब म्हणाले. ऐकत नसले की ते असंच म्हणत.

ओसरीवर टेकतात न टेकतात तोच मुलाचे वडील साहेबराव यांनी गूळ आणि पाण्यानं भरलेला तांब्या पुढं केला. अण्णासाहेबांनी वाहतूक पोलिसासारखा तळहात दाखवला.

“आत्ताच उन्हातून आलोय. घाम जिरू द्या.”

“बराबर हाय,” साहेबरावांची म्हातारी आई सोनूबाई म्हणाली. “म्हणून तं आधी गूळ देतो, बापू. गूळ चघळा, दम खा, मंग पाणी प्या.”

म्हातारी शिबिराला गेली नव्हती. त्यामुळे तिला काही कळत असेल, ही शंकाच अण्णासाहेबांना आली नाही.

घाम जिरला. साहेबरावांनी त्यांना कौतुकानं विहिरीवर नेलं, स्वतः पोहरा ओढला आणि म्हणाले, “करा ओंजळ!”

“उभ्यानं? गुडघे जातात हो!”

परत ओसरी. पुन्हा तांब्या. एव्हाना आतून पुरणाचा वास यायला लागला होता.

“आता तर मुळीच नाही. जेवणाच्या तोंडावर पाणी म्हणजे अग्नी विझला.”

साहेबरावांनी तांब्या खाली ठेवला. “इझलाच म्हणायचा. अण्णासाहेब, आमचं घर पसंत न्हाई, तं तसं बोला. तीन डाव पाणी परत करून राह्यले. रखमाजी, परतीची बस कितीला हाय?”

रखमाजी कपाळ चोळू लागला. आत बायकांत बसलेल्या दुर्गाबाई उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णासाहेब मात्र शांतपणे समजावत होते, “गैरसमज होतोय तुमचा. हे शास्त्र आहे. पाण्याला एक काळ असतो...”

“तुमचं ऐकण्यातच काळ गेला माझा,” दुर्गाबाई म्हणाल्या.

तीस वर्षांत पुरुषांच्या बैठकीत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. पदर सावरत बाहेर आल्या, गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि उभ्यानं, गटागटा, एका दमात रिकामा केला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

“गोड हाय,” त्या म्हणाल्या. “आमची पोर इथंच द्यायची.”

“अगं, जठराग्नी...”

“गप बसा!” हे नेमकं कोण बोललं, दुर्गाबाई की रखमाजी, याबद्दल पुढं दोघांतही एकमत झालं नाही.

सोनूबाई हसत उठली. “या इहीणबाई, माझ्याजवळ बसा. अरं, ताटं घ्या जल्दी!”

मग साहेबराव अण्णासाहेबांकडं पाठ करून बसले. साखरपुडा कधी, माणसं किती, मंडप कुणाच्या दारात, सगळं त्यांनी दुर्गाबाईंना विचारलं. दुर्गाबाईंनी सगळं सांगितलं, नवऱ्याकडं न बघता. अण्णासाहेब दोनदा खाकरले. घसा कोरडा पडला असणार, हे सगळ्यांना कळलं. पाणी मात्र कुणी विचारलं नाही.